फ्रान्सच्या खेड्यांतून गाडीने: आधी थांबे, मग रस्ता

पहिल्यांदा फ्रान्समध्ये गाडी भाड्याने घेणारे बहुतेक जण आधी मुक्कामाची गावं ठरवतात, मग मोबाईलवर त्या गावांमधला रस्ता काढतात, आणि वाटेत काही सुंदर दिसलं की थांबू असं म्हणतात. हा बेत दोन ठिकाणी फसतो. एक तर मोबाईल सगळ्यात जलद रस्ता निवडतो. तो टोलचा महामार्ग असतो आणि त्यावरून खेडी दिसत नाहीत. दुसरं म्हणजे आडवाटेने गेलात तरी जिथे सुंदर दिसतं तिथे गाडी उभी करता येतेच असं नाही. रस्ता अरुंद, एका बाजूला दगडी भिंत, दुसरीकडे उतार, मागे ट्रॅक्टर. नजारा मागे पडतो, गाडी वळवायला जागा मिळेपर्यंत तीन किलोमीटर झालेले असतात, आणि परत कोणी जात नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी थांबे ठरवायचे, प्रत्येक थांब्याला गाडी कुठे लावायची ते ठरवायचं, आणि ते थांबे जोडणारा रस्ता सगळ्यात शेवटी.

एकच खोरं निवडा

फ्रान्सची मुख्य भूमी महाराष्ट्राच्या जवळपास पावणेदोन पट आहे. पाच-सहा दिवसांत पॅरिस, आल्प्स आणि प्रोव्हान्स असा बेत केला तर खिडकीतून फक्त महामार्ग दिसेल. पहिल्या खेपेला एका नदीचं खोरं पुरे. या लेखात उदाहरणासाठी नैर्ऋत्येकडची दोर्दोन्य आणि लॉत या दोन नद्यांची खोरी घेतली आहेत. तुलूझच्या विमानतळावरून दीड-दोन तासांत तिथे पोहोचता येतं, रस्ते आल्प्सइतके अवघड नाहीत, आणि किल्ले, गुहा, कड्याला चिकटलेली गावं एकमेकांपासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहेत.

किलोमीटरचा हिशोब इथे वेगळा करावा लागतो. 'डी' अक्षराच्या रस्त्यांवर, म्हणजे जिल्हामार्गांवर, वेगमर्यादा साधारण 80 आहे (2018 मध्ये 90 वरून उतरवली, काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर पुन्हा 90 केली, म्हणून पाटी पाहायची). पण वळणं, गावं आणि ट्रॅक्टर धरून प्रत्यक्षात ताशी 40 ते 45 किलोमीटरच पदरात पडतात. खोल दऱ्यांच्या कडेने 25 ते 30. मोबाईल एक तास म्हणाला तर वहीत सव्वा तास लिहा, आणि थांब्यांचा वेळ त्यात धरू नका.

कागदी नकाशा खरंच लागतो

मोबाईलला वेळ कळतो, सौंदर्य कळत नाही. मिशेलिनचा 1:150000 प्रमाणाचा जिल्हा नकाशा घ्या. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे दीड किलोमीटर. पेट्रोल पंपांवर आणि पुस्तकांच्या दुकानांत मिळतो. त्यावर तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, ज्या रस्त्याला हिरवी कड आहे तो. ही कड निसर्गरम्य रस्त्याची खूण आहे आणि ती सहसा फसवत नाही. दुसरी, किरण फाकल्यासारखी छोटी खूण: तिथे नजाऱ्याची जागा आहे. किरण पूर्ण गोल असतील तर चहूबाजूंचं दृश्य, अर्धे असतील तर एका दिशेचं. तिसरी, रस्त्यावरचे बाण. एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के चढ, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून जास्त. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. गाडी छोट्या इंजिनाची, माणसं पाच आणि सामान भरपूर असेल तर तीन बाणांचा रस्ता टाळा.

हिरव्या कडेचे रस्ते पेन्सिलने गिरवा, किरणांच्या खुणांभोवती गोल करा. पाऊण तासात खोऱ्याचा सांगाडा तयार होतो. मोबाईल यानंतर.

गावं निवडताना 'फ्रान्सची सर्वांत सुंदर गावं' ही यादी उपयोगी पडते. 1982 मध्ये कोलोंज-ला-रूज गावाच्या महापौरांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संघटनेची ती यादी आहे. गावची वस्ती 2000 पेक्षा जास्त नको आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा परिसर हवेत, अशी अट आहे. यादीतलं गाव देखणं असणार याची खात्री, पण दगडांच्या सौंदर्याला मिळालेला हा मान आहे, गाव जागं असण्याला नव्हे. नोव्हेंबर ते मार्च यांतल्या बऱ्याच गावांत झडपा बंद आणि कॉफीसुद्धा मिळत नाही. वेशीवरच्या पाटीवर एक ते चार लाल फुलं दिसली तर तो वेगळा मान आहे, गावातल्या फुलझाडांसाठी दिलेला.

थांब्यांचं माप

थांबे तीन मापांचे धरा. मोठा थांबा अडीच-तीन तासांचा: किल्ला, गुहा, किंवा चढउताराचं गाव. मधला तासाभराचा: छोटं गाव, बाजार, नदीकाठचं जेवण. छोटा पंधरा मिनिटांचा: नजारा, फोटो, पाय मोकळे करणं. दिवसाला एक मोठा, दोन मधले आणि दोन-तीन छोटे एवढंच बसतं. दोन मोठे थांबे एका दिवसात घातले की संध्याकाळी मुलं रडतात आणि मोठे भांडतात.

दोन थांब्यांमधलं सलग चालवणं पाऊण तासापेक्षा जास्त नको. कारण साधं आहे: वळणांच्या रस्त्यावर मागे बसणाऱ्याला उलटीची भावना साधारण तेवढ्या वेळात येते.

ऊन कुठून येतं आणि दरी कोणत्या हाताला आहे

नवख्यांच्या बेतात या दोन प्रश्नांचा मागमूस नसतो, आणि फरक सगळ्यात जास्त यांनीच पडतो.

आधी ऊन. ला रोक-गाझाक हे गाव दोर्दोन्य नदीच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून कड्याला टेकलेलं आहे. दुपार कलली की पिवळसर कडा सोन्यासारखा उजळतो आणि नदीत उतरतो. सकाळी आठला तोच कडा फिका दिसतो. रोकामादूर उलट: तीर्थक्षेत्राचं हे गाव कड्याला तीन मजल्यांनी लटकलेलं आहे, आणि त्याचा प्रसिद्ध नजारा समोरच्या लोस्पिताले या वस्तीवरून दिसतो. तिथून सकाळचं ऊन थेट गावावर पडतं. संध्याकाळी सूर्य समोर येतो. दॉम गावाची कडेवरची गच्ची उत्तरेकडे पाहते, त्यामुळे सूर्य दिवसभर बहुतेक वेळ पाठीशी असतो. नकाशावर उत्तर दिशा बघून, गाव कोणत्या बाजूला तोंड करून आहे एवढं ताडलं की वेळापत्रकाचा अर्धा भाग आपोआप ठरतो.

जूनअखेर इथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणून संध्याकाळी सातला मोठा थांबासुद्धा चालतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पावणेसहाच्या आसपास अंधारतं. त्या दिवसांत शेवटचा नजारा साडेचारला उरकायचा.

आता दरी. फ्रान्समध्ये गाडी उजवीकडून चालते. थांबायच्या जागा उजव्या हाताला असतील तर अलगद आत शिरता येतं. डाव्या हाताला असतील तर समोरच्या वळणावरून काय येतंय ते न दिसता रस्ता ओलांडावा लागतो, आणि निघताना पुन्हा तेच. म्हणून फेरी अशी आखा की नदी किंवा दरी उजवीकडे राहील. काऑरहून सँ-सिर-लापोपीकडे डी 653 आणि पुढे डी 662 ने पूर्वेला जाताना लॉत नदी उजवीकडे असते. परतीच्या दिशेने तीच डावीकडे जाते. दोर्दोन्यच्या काठचा डी 703 बेनाकहून ला रोक-गाझाककडे, म्हणजे पूर्वेकडे चालवला तर नदी उजवीकडे.

प्रोव्हान्समधल्या व्हेर्दों दरीला हा नियम फार कामाचा आहे. दरीच्या उत्तर काठाने पूर्वेकडे (डी 952, मूस्तिएहून ला पालूकडे) आणि दक्षिण काठाने पश्चिमेकडे (डी 71, एग्विनच्या दिशेने) अशी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फेरी मारली की दरी पूर्णवेळ उजव्या हाताला राहते. तिथे ला पालूहून निघणारा 'रूत दे क्रेत' हा तेवीसेक किलोमीटरचा कड्यावरचा वेटोळा आहे. त्याचा एक भाग एकेरी आहे, म्हणून तो गावाच्या पूर्वेकडच्या टोकानेच सुरू करायचा. पश्चिमेकडून शिरलात तर निम्म्यातून परत फिरावं लागतं. हिवाळ्यात तो रस्ता बंद असतो. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या: फ्रेंच गाडीत चालक डावीकडे बसतो, म्हणजे दरी उजवीकडे असताना खाली पाहत बसतो तो शेजारचा प्रवासी. उंचीची भीती वाटणाऱ्याला त्या दिवशी मागच्या डाव्या सीटवर बसवा.

गावाचं नाव नव्हे, वाहनतळ टाका

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. मोबाईलमध्ये नुसतं गावाचं नाव टाकलं तर तो गाडी ग्रामपंचायतीच्या, म्हणजे 'मेरी'च्या दारात नेतो. मेरी मध्ययुगीन गल्लीच्या आत असते. गल्ली घोड्यांसाठी बांधलेली, आरसे मिटूनही गाडी जेमतेम जाते, आणि समोरून दुसरी आली की पाऊणशे मीटर रिव्हर्स. म्हणून प्रत्येक थांब्यासाठी वाहनतळ उपग्रहचित्रावर शोधा, त्यावर बोट दाबून ठेवा आणि ती खूण जतन करा. वाहनतळ गावाच्या वर की खाली तेही बघा. सँ-सिर-लापोपीला गाडी बाहेर सशुल्क तळावर लावून चालत जावं लागतं. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर वरचा तळ चांगला की खालचा, हे घरूनच ठरवा. रोकामादूरला गाडी लोस्पितालेला, वर किल्ल्यापाशी किंवा खाली दरीत लावता येते. मधली मुख्य गल्ली पायी चालणाऱ्यांची आहे. गल्लीतून मंदिरांपर्यंत 216 पायऱ्या आहेत (जुने यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत), आणि पायऱ्या नको असतील तर लिफ्ट आहे.

नावांचा दुसरा घोळ म्हणजे एकाच नावाची अनेक गावं. सँ-सिप्रियाँ हे दोर्दोन्यमधलं रविवारच्या बाजाराचं गाव. त्याच नावाचं दुसरं गाव भूमध्य समुद्राकाठी, स्पेनच्या सीमेजवळ आहे. पिनकोडचे पहिले दोन आकडे जिल्हा सांगतात: 24 म्हणजे दोर्दोन्य, 46 लॉत, 12 आव्हेरों. आकडे जुळल्याशिवाय 'निघा' दाबू नका.

तळांवरच्या काही बारीक गोष्टी. निळ्या रेघांची जागा फुकट असते पण वेळ मर्यादित. काचेआड निळी तबकडी लावून पोहोचल्याची वेळ दाखवावी लागते. ती 'ताबा' नावाच्या तंबाखूच्या दुकानात मिळते. तळाच्या तोंडाशी आडवा दांडा असेल तर त्यावरचा उंचीचा आकडा वाचा: मोठी व्हॅन किंवा टपावर पेटी असलेली गाडी कित्येक ठिकाणी आत जात नाही. आणि चौकातल्या जागेवर रात्री गाडी लावण्याआधी बाजाराची पाटी शोधा. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटेपासून तिथे गाडी लावायला मनाई असते, आणि उरलेली गाडी उचलून नेतात.

नजाऱ्यांच्या तळांवर काच फोडून सामान पळवण्याचे प्रकार होतात. मागच्या सीटवर रिकामी पिशवीसुद्धा दिसू देऊ नका. सामान डिकीत हलवायचं तर आधीच्या थांब्यावरून निघताना हलवा, पोहोचल्यावर सगळ्यांदेखत नको.

वार आणि तास तपासा

फ्रेंच खेड्यात दुपारचं जेवण बारा ते दोन, आणि दीडनंतर आलेल्याला बरीच हॉटेलं बसू देत नाहीत. रात्रीचं जेवण सात-साडेसातच्या आधी सुरू होत नाही. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच हॉटेलं बंद, आणि बेकरीसुद्धा आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेते. लहान संग्रहालयं आणि टपाल कार्यालयं दुपारी कुलूप लावतात. म्हणून मधल्या थांब्यांपैकी एक थांबा साडेबाराच्या आसपास जेवणाच्या गावात पडेल असा बसवा, किंवा सकाळी बेकरी आणि किराणा गाठून जेवण सोबत घ्या. झाड आणि बाक असलेली पाटी दिसली की ती जेवायला बसण्याची जागा.

शाकाहारी मंडळींनी या भागात जरा सावध राहायला हवं. इथली खासियत बदक आहे. 'पॉम सार्लादेझ' हा बटाट्याचा पदार्थ म्हणून निर्धास्त मागवला जातो, पण ते बटाटे बदकाच्या चरबीत परततात. गावरान सूपांत हाडांचं पाणी असतं. निर्धोक गोष्टी म्हणजे रोकामादूरच्या बकरीच्या दुधाच्या छोट्या गोल चीजचं सॅलड (वर अक्रोड असतात, त्यात बदकाचे तुकडे नकोत असं सांगायचं), अळंब्यांचं ऑम्लेट, आणि बाजारातली फळं, ब्रेड, चीज. 'सां व्हियांद, सां प्वासों' म्हणजे मांस नको, मासे नकोत. आणि काहीही विचारण्याआधी 'बोंजूर' म्हणायचं. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं समजलं जातं, आणि पुढची वागणूक तशीच मिळते.

बाजार ठरवून गाठायचा असेल तर: सार्लात बुधवार आणि शनिवार, काऑरलाही बुधवार आणि शनिवार, दॉमला गुरुवार. नऊच्या आत पोहोचा. साडेदहानंतर तळ भरतात आणि एकच्या सुमारास दुकानं आवरली जातात.

तारखांचंही भान हवं. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी सुट्टीच्या भाड्याच्या घरांतले पाहुणे बदलतात (खेड्यातली अशी 'झीत' घरं तेव्हा शनिवार ते शनिवारच मिळतात) आणि सगळा देश रस्त्यावर असतो. सरकारची 'बिझों फ्युते' ही सेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, केशरी, लाल किंवा काळा रंग देते. काळ्या दिवशी महामार्गावर जाऊ नका. तो दिवस खोऱ्यातच घालवा. मे-जूनची सुरुवात आणि सप्टेंबर हे या भागासाठी उत्तम महिने.

पाच दिवसांचा नमुना

पहिला दिवस. तुलूझहून सकाळी दहाला निघून ए 20 ने काऑर, 115 किलोमीटर, सव्वा तास, टोलसह. चौदाव्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल पाहा. मधल्या बुरुजाच्या कोपऱ्यावर दगडातला छोटा सैतान शोधायला मुलांना लावा. 1879 च्या डागडुजीत तो बसवला. बाराला जेवायला बसा. मग डी 653, डी 662 ने नदी उजवीकडे ठेवत सँ-सिर-लापोपी. हे अंतर तीसेक किलोमीटरचं, पण दीड तास धरा. दिवसभराचे पर्यटक पाचनंतर पांगतात, म्हणून मुक्काम जवळपास आणि गाव संध्याकाळी.

दुसरा दिवस. सकाळी काब्रेरेजवळची पेश मेर्ल गुहा. इथली घोड्यांची आणि हातांच्या ठशांची चित्रं मूळ आहेत, नक्कल नव्हे, म्हणून दिवसाला 700 जणांनाच सोडतात. तिकीट आधी काढा. आत बारा अंशांच्या आसपास थंडी असते, ऑगस्टमध्येही स्वेटर हवा. पुढे सेले नदीच्या काठाने डी 41, सावकाश. मुक्काम रोकामादूर.

तिसरा दिवस. सकाळी लवकर लोस्पितालेचा नजारा. मग सतरा-अठरा किलोमीटरवर पादिराकचं विवर: जमिनीत 35 मीटर रुंद आणि 75 मीटर खोल भोक, तळाशी 103 मीटर खोलीवर वाहणारी नदी आणि त्यावर होड्या. 1889 मध्ये गुहांचे फ्रेंच अभ्यासक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल पहिल्यांदा खाली उतरले. तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकवू नका, हिवाळ्यात बंद. दुपारी सार्ला, दोन रात्रींचा मुक्काम.

चौथा दिवस हा सगळ्यात घट्ट विणलेला. एकूण चाळीसेक किलोमीटर, तरी दहा तास लागतात. सार्लाहून डी 57 ने बेनाक, उघडण्याच्या वेळेला किल्ला. गावात कडा आणि नदी यांच्यामधून सगळी वाहतूक एकाच रस्त्याने जाते. बाह्यवळणाचं काम 2018 मध्ये न्यायालयाने थांबवलं. दहानंतर तिथे अडकायला होतं. नदीपलीकडे कास्तेलनोचा किल्ला दिसतो. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांकडे आणि कास्तेलनो इंग्रजांकडे होतं. दोन्ही किल्ले एका दिवसात चढू नका. एक चढा, दुसरा समोरून पाहा. दुपारी मार्केसाकची बाग: हाताने कातरलेली दीड लाख बॉक्सवूडची झुडपं, आणि टोकाच्या कड्यावरून नदी, बेनाक, कास्तेलनो, ला रोक-गाझाक सगळं एकदम. पाचच्या सुमारास ला रोक-गाझाक, ऊन कड्यावर असताना. नदीतल्या जुन्या धाटणीच्या सपाट होड्यांतून तासाभराची फेरी घेतली तर गाव समोरून दिसतं. शेवट दॉमच्या गच्चीवर. ही तटबंदीची वसाहत 1281 मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने वसवली, आणि तिच्या वेशी त्या काळच्याच रुंदीच्या आहेत. मोठी गाडी असेल तर आत नेऊ नका.

पाचवा दिवस. मोन्तिन्याकला लास्को 4. आदिमानवाच्या चित्रांची मूळ गुहा 1940 मध्ये सापडली आणि श्वासाच्या बाष्पाने चित्रं बिघडू लागल्यामुळे 1963 मध्ये बंद केली. 2016 अखेर उघडलेली ही तिची पूर्ण प्रतिकृती. हिशोबाने सकाळची वेळ घ्या, म्हणजे तुलूझला दुपारी परतता येतं. सार्ला ते तुलूझ सव्वादोन तास धरा.

पाऊस आला तर? चौथा आणि पाचवा दिवस अदलाबदल करता येतात, म्हणून लास्कोचं तिकीट काढण्याआधी हवामानाचा अंदाज पाहा. गुहांना पावसाने फरक पडत नाही, गच्च्यांना पडतो.

गाडी आणि चालवणं

भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. त्यासाठी फॉर्म 4-ए, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत लागतो, नुसता आंतरराष्ट्रीय चालत नाही. गाडीच्या अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स कार्ड काउंटरवर बऱ्याचदा नाकारलं जातं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंगमध्ये तसं निवडा, नाहीतर गिअरची गाडी मिळते आणि गिअर उजव्या हाताने टाकावे लागतात. इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाला वायपर चालू होणार, हे धरूनच चाला.

थांब्यांशी जोडलेला खरा धोका वेगळाच आहे. गर्दीत माणूस इतरांचं पाहून बरोबर बाजूला चालवतो. नजारा पाहून रिकाम्या रस्त्यावर परत येताना, समोर एकही गाडी नसताना, हात सवयीने डाव्या बाजूला वळतो. स्टिअरिंगवर 'उजवीकडे' अशी चिठ्ठी चिकटवा, आणि प्रत्येक थांब्यावरून निघताना शेजारच्याने ती मोठ्याने वाचायची.

बाकी नियमांतले तीन परदेशी माणसाला हमखास चकवतात. लाल किनारीच्या पाटीवर गावाचं नाव आलं की वेगमर्यादा 50, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी; तेच नाव तिरक्या लाल रेघेने खोडलेलं दिसलं की मर्यादा संपली. दुसरा, गावात उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, ती गल्ली कितीही बारीक असो. पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर मुख्य रस्ता तुमचा. तिसरा, गोल चौकात आत असलेल्याला वाट, आणि फिरायचं घड्याळाच्या उलट. बाहेर पडायचा रस्ता चुकला तर आणखी एक फेरी मारा, कोणी हसत नाही.

जिल्हा बदलला की रस्त्याचा क्रमांकही बदलू शकतो: दोर्दोन्यमधला डी 703 लॉतमध्ये डी 803 होतो. रस्ता चुकला असं वाटून मागे फिरू नका, पुढच्या गावाचं नाव पाहा. 'रूत बारे' म्हणजे रस्ता बंद. ती पाटी खरी असते. पिवळ्या 'देव्हियासिओं' पाट्यांमागून जा.

टोलनाक्यावर फक्त केशरी 'टी' असलेल्या रांगेत शिरू नका, ती उपकरण लावलेल्या गाड्यांची. हिरवा बाण असलेली रांग सगळ्यांना चालते. चुकीच्या रांगेत गेलात तर मागे घेऊ नका, मदतीचं बटण दाबा.

डिझेलला इथे 'गाझोल' म्हणतात आणि पेट्रोलला 'साँ प्लों', पाटीवर एसपी 95 किंवा 98. इंधनाच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते पाहूनच नळी उचला. सगळ्यात स्वस्त इंधन मोठ्या सुपरमार्केटच्या पंपावर मिळतं. रविवारी तिथे माणूस नसतो, यंत्र आधी कार्डावर शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतं आणि फरक काही दिवसांनी सोडतं. कार्डाची मर्यादा कमी असेल तर यंत्र नकार देतं. टाकी निम्म्यावर आली की भरा. खोऱ्यात चाळीस किलोमीटर पंप न लागणं शक्य आहे.

गाडी परत करायची जागा विमानतळावर घ्या, गावातल्या रेल्वे स्टेशनवर नको. स्टेशनवरचं कार्यालय दुपारी बंद असतं आणि रविवारी उघडेलच असं नाही. मग किल्ली पेटीत टाकावी लागते आणि ओरखडा कोणी पाडला याचा वाद नंतर पत्रांतून चालतो. घेताना आणि देताना चारही बाजू, चाकांच्या कडा, टप आणि इंधनाचा काटा यांचे फोटो काढा, आणि पंपाची शेवटची पावती महिनाभर जपून ठेवा.